चॅट्सवर्थ: घर बघाच, पण दिवस बागेला द्या

पाऊलवाट

उन्हाळ्यात इंग्लंडला येणाऱ्यांच्या धाग्यावर तिघाचौघांनी विचारलं होतं की लंडन-ऑक्सफर्ड झाल्यावर एखादं जुनं जमीनदारी घर आणि त्याची बाग बघायची असेल तर कुठे जावं. तिथे उत्तर लांबत चाललं म्हणून हा वेगळा धागा काढते. मी शेफील्डला राहते. डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ इथून जवळ, त्यामुळे पाहुणे आले की आमची फेरी तिकडेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बहुतेक मंडळी सकाळचा ताजा वेळ घरात घालवतात. छतावरची चित्रं बघून बघून मान अवघडते, मग जेवण होतं, आणि चार वाजता दमल्या पायांनी बागेत एक चक्कर मारून परत. हे उलटं करा. बाग १०५ एकरांची आहे, चढाची आहे, आणि चॅट्सवर्थला जे दुसरीकडे कुठेच नाही ते सगळं बागेत आहे. सोनेरी खोल्यांची घरं इंग्लंडात पुष्कळ सापडतील.

इतिहास थोडक्यात. १५४९ साली विल्यम कॅव्हेंडिश आणि त्याची बायको बेस ऑफ हार्डविक यांनी ही जागा ६०० पौंडांना घेतली आणि १५५२ला बांधकाम काढलं. बेसचा चौथा नवरा अर्ल ऑफ श्रूजबरी. त्याच्यावर स्कॉटलंडच्या मेरी राणीला नजरकैदेत ठेवायची जबाबदारी होती, त्यामुळे मेरीचे १५६९नंतरचे काही मुक्काम इथलेच. मात्र बेसचं घर आता दिसत नाही. टेकडीवरच्या शिकारी मनोऱ्यासारखं थोडंसंच त्या काळातलं उरलंय. आजचं घर पहिल्या ड्यूक ऑफ डेव्हनशरनं १६८७ ते १७०७ या काळात जुन्याची एकेक बाजू पाडत नव्यानं उभं केलं. अठराव्या शतकाच्या मध्यावर चौथ्या ड्यूकनं बागरचनाकार केपेबिलिटी ब्राउनला बोलावलं. आखीव वाफे आणि सरळ रस्ते मोडून त्यानं नदीपर्यंत उतरत जाणारी हिरवळ केली. आज पुलावरून घर दिसतं तेव्हा सगळं निसर्गानंच मांडून ठेवल्यासारखं वाटतं. ती मांडणी ब्राउनची आहे. हजार एकरांचं ते पार्क आजही मेंढ्या आणि हरणं चरून आखूड ठेवतात.

आता पाणी. मोठी कारंजी इथे पंपावर चालत नाहीत. मागच्या डोंगरावर तलाव खणलेत, तिथलं पाणी स्वतःच्या वजनानं खाली येतं. घराच्या मागे उतारावर कॅस्केड आहे, म्हणजे दगडी पायऱ्यांवरून वाहत येणारं पाणी. ग्रिये नावाच्या फ्रेंच माणसानं तो १६९६ला केला, पाच वर्षांनी वाढवला, आणि १७०३ला टॉमस आर्चरनं वरच्या टोकाला दगडी मंडप बांधला. पायऱ्यांचे २४ टप्पे आहेत आणि कुठलेही दोन टप्पे सारखे नाहीत. कुठे पायरी रुंद, कुठे अरुंद, काठाची घडण वेगळी. त्यामुळे वरून खाली चालत आलं की पाण्याचा आवाज बदलत जातो. वर खळखळ, मध्ये एकदम जाड आवाज, पुन्हा बारीक. डोळे मिटून एकदा उतरा (बाजूच्या गवतावरून!). खाली पोचलेलं पाणी जमिनीत गडप होतं, आतल्या नळांनी समोरच्या हिरवळीवरच्या सागरी घोड्यांच्या कारंज्यात निघतं आणि तिथून नदीकडे जातं. तेच पाणी अनेकदा कामाला लावलंय.

सूचना: कॅस्केड तीनशे वर्षांचा आहे, गळतो. मोठ्या दुरुस्तीसाठी तो कोरडा ठेवतात. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, नाहीतर मुलं हिरमुसतील. पाणी चालू असलं की त्यात पाय सोडून बसायला देतात.

घराच्या दक्षिणेला लांबच लांब कालव्यासारखा तलाव आहे. त्यात एम्परर फाउंटन. रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून सहाव्या ड्यूकनं १८४४ला हे करून घेतलं. त्यासाठी डोंगरावर आठ एकरांचा नवा तलाव खणला, आणि वेळेत व्हावं म्हणून रात्री मशालींच्या उजेडात काम चाललं. सहा महिन्यांत पुरं झालं. झार आलाच नाही. कारंज्याची नोंदलेली सर्वांत जास्त उंची २९६ फूट आहे. आता रोज एवढं उंच सोडत नाहीत. वारा असला किंवा वर पाणी कमी असलं की बुटकं ठेवतात.

हे कारंजं करणारा माणूस म्हणजे बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. त्याच्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, बसची माहितीही देते.

पाणीदार

वाचता वाचता कागद-पेन्सिल काढली. डोंगरावरचा तलाव कारंज्यापेक्षा किती उंचावर आहे? उंची कळली तर हिशेब करता येईल.

पाऊलवाट

सुमारे ३५० फूट.

पाणीदार

म्हणजे साधारण १०७ मीटर हेड (दाब देणारी पाण्याची उंची), पायथ्याशी दाब साडेदहा बारच्या आसपास. कुठेच घर्षण नाही असं धरलं तरी पाणी ३५० फुटांच्या वर जाणार नाही. नळातलं घर्षण, तोटीतलं नुकसान आणि वर गेल्यावर हवेचा विरोध, एवढं सोसून २९६ फूट म्हणजे जवळजवळ ८५ टक्के! १८४४ सालच्या बिडाच्या नळातून. माझी अख्खी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, म्हणून सांगतो, सांधे किती घट्ट बसवले असतील याचं कौतुक आधी. आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडावा-मिटावा लागत असणार. एवढ्या दाबाचं वाहतं पाणी झटक्यात अडवलं तर हादऱ्यानं नळ फुटतो.

बागेचा मुख्य माळी हे करत होता? शिक्षण काय त्याचं?

पाऊलवाट

शेतकरी कुटुंबातला मुलगा, शिक्षण जेमतेम, बाकी सगळं काम करता करता शिकलेला. लंडनला चिझिकच्या बागेत कामाला होता. शेजारीच ड्यूकचं घर, येता-जाता दोघांची गाठ पडली. १८२६ला ड्यूकनं त्याला चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमलं तेव्हा वय २२.

त्याच्या पहिल्या दिवसाची हकिगत त्यानं स्वतः लिहून ठेवलीय. पहाटे साडेचारला पोचला, सगळं झोपलेलं, फाटक बंद. मग हरितगृहाकडचं फाटक चढून आत उतरला, सगळी बाग पायाखालून घातली, बाहेरून घर बघितलं, सहाला माणसं आली तशी त्यांना कामं वाटली, कारंजी सोडून बघितली, आणि घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईंकडे न्याहारीला गेला. तिथे त्यांची भाची होती. तिच्या प्रेमात पडला आणि ती त्याच्या, आणि हे सगळं नऊच्या आत. पुढच्या वर्षी लग्न झालं. ही सारा पुढे त्याचा सगळा हिशेब-कारभार सांभाळायची. पॅक्स्टन महिनोन्महिने ड्यूकबरोबर परदेशी असायचा तेव्हा इथली बाग तिच्याच जिवावर चालली, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पाट्यांवर तिचं नाव फार लहान असतं.

पाणीदार, अजून एक तुमच्यासाठी: डोंगरावरच्या त्याच पाण्यावर १८९३ला टर्बाइन बसवून घरात विजेचे दिवे लावले. मधल्या काळात ते बंद पडलं. १९८८ला नवीन टर्बाइन आलं.

बस: शेफील्डहून बेकवेलला जाणाऱ्या बसगाड्यांपैकी काही थेट चॅट्सवर्थच्या आत जातात. लंडनहून येणाऱ्यांनी सेंट पँक्रसहून चेस्टरफील्ड किंवा शेफील्डची गाडी पकडावी. पार्कात पायी फिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट घर आणि बाग यांचं. नाताळच्या सुट्टीनंतर मार्चपर्यंत घर बंद असतं.

लेकीकडे_लीड्सला

फार छान लिहिलंस ग. मी गेल्या उन्हाळ्यात मुलीबरोबर गेले होते. माझे गुडघे बोलतात, तेव्हा माझ्यासारख्यांसाठी चार शब्द. कॅस्केडच्या वरपर्यंत चढायचा हट्ट करू नका, खाली बाकावर बसूनही पाणी छान दिसतं. घराजवळचा भाग बराच सपाट आहे. बागेत गाडीतून फिरवायची सोय असते का ते आधी विचारून ठेवा, आम्हाला मिळाली. घरात जिने आहेत, दाराशीच लिफ्टबद्दल विचारा, संकोच करू नका, तिथली मंडळी फार अदबीनं मदत करतात.

घर मात्र अगदीच बाजूला टाकू नकोस बाई! दोन गोष्टींपुढून मला हलवेना. एक, संगीताच्या खोलीतलं दार. अर्धवट उघडं, आणि आतल्या दुसऱ्या दारावर खिळ्याला व्हायोलिन आणि कमान लटकवलेली. मी मुलीला म्हटलं, एवढं जुनं वाद्य असं उघड्यावर कसं ठेवलंय. ती म्हणाली, आई, नीट बघ. ते रंगवलेलं आहे! तारा, दारावरची सावली, सगळं रंगानं.

दुसरं म्हणजे शिल्पांच्या दालनातली ती बुरख्यातली बाई. रफाएले मोंती नावाच्या इटालियन शिल्पकाराची, १८४७ची. संगमरवरच तो, पण तोंडावरून ओढणी घेतलीय आणि ओढणीखालून नाक, ओठ, पापण्या सगळं दिसतं. मी अगदी जवळ जाऊन बघितलं. कपाळापाशी दगड कापडासारखा ताणलेला वाटतो आणि हनुवटीखाली त्याच्या चुण्या पडतात. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पातळ कापडाखालचा चेहरा पेन्सिलनं काढायलाही मुलं रडकुंडीला येतात, इथे छिन्नीनं केलंय. दगड एकच, पण एके ठिकाणी तो गाल झालाय आणि एके ठिकाणी गालावरचं कापड.

पाऊलवाट

काकू, ओढणीबद्दल मला कधी इतकं नीट सांगता आलं नसतं. घर टाळा असं मी म्हणत नाही, बागेनंतर घाला एवढंच. दुपारनंतर घरातली गर्दीही जरा ओसरते.

डोंबिवली_ते_डर्बी

लहान मुलं असतील तर तांब्याचं विलोचं झाड चुकवू नका. दगडांच्या आडोशाला एक निष्पर्ण झाड दिसतं, जवळ जाऊन उभं राहिलं की फांद्याफांद्यांतून पाणी उडतं. सतराव्या शतकाच्या शेवटी केलेली गंमत आहे, नंतर नव्यानं घडवलेली. व्हिक्टोरिया राणी व्हायच्या आधी, १८३२ला, तेरा वर्षांची असताना इथे आली होती, तेव्हा तिलाही ते आवडलं होतं. आमची दोन्ही पोरं नखशिखांत भिजली. बदलायचे कपडे न्या.

फार्मयार्ड आणि खेळायची जागाही आहे, पण तिथे आधी नेलंत तर बाग बघणं विसरा.

जुनीपानी

एक विचारू का? हे सगळं वाचताना मनात सारखं येतं की एवढा पैसा आला कुठून. अशा वास्तूंपुढे मला आधी तेच सुचतं. इथे आपला, म्हणजे भारताचा, किती आहे?

पाऊलवाट

विचारायलाच हवं. या घराण्याच्या बाबतीत मुख्य उत्तर जमीन आणि खाणी. आठव्या हेन्रीनं मठ मोडून त्यांची मालमत्ता जप्त केली, त्या कामातला एक अधिकारी म्हणजे बेसचा नवरा विल्यम कॅव्हेंडिश. पहिली माया तिथली. पुढे डर्बीशरचं शिसं, स्टॅफर्डशरमध्ये एक्टनची तांब्याची खाण, आणि चौथ्या ड्यूकच्या लग्नातून बॉयल घराण्याची इस्टेट, त्यात आयर्लंडची लिझमोरसारखी मालमत्ता. म्हणजे आधी लुबाडले गेले ते इंग्लंडचे मठ, आणि खंड भरत होते आयरिश कुळं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत लाखो कमावून परतलेल्या साहेबांच्या घरांची गोष्ट वेगळी आहे.

म्हणून भारताचा संबंध नाही असं मात्र नाही. आठवा ड्यूक, तेव्हाचा लॉर्ड हार्टिंग्टन, १८८० ते १८८२ भारतमंत्री होता. त्याहून बागेच्या दृष्टीनं महत्त्वाचं: १८३५ला पॅक्स्टननं जॉन गिब्सन नावाच्या आपल्या तरुण माळ्याला कलकत्त्याला पाठवलं. नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजानं निघाला त्याच जहाजानं. गिब्सन कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात तिथल्या प्रमुखाला, वॉलिकला, भेटला, खासी टेकड्यांत चेरापुंजीपर्यंत फिरला, पावसाळाभर ऑर्किड गोळा केली आणि १८३७ला काचेच्या बंद पेट्यांतून ती जिवंत परत आणली. त्यात ब्रह्मदेशातलं अॅम्हर्स्टिया हे लाल फुलांचं झाड होतं, ज्याच्यासाठी मुळात पाठवलं होतं. एवढं करून इंग्लंडात ते प्रथम फुललं ते चॅट्सवर्थला नाहीच, १८४९ला ईलिंगच्या मिसेस लॉरेन्स यांच्या काचघरात.

खासी लोकांनी वाटा दाखवल्याशिवाय, ओझी वाहिल्याशिवाय त्या दऱ्यांतून पेट्या खाली येणं शक्य नव्हतं. ऑर्किडांच्या नावांत ड्यूक आहे, गिब्सन आहे. त्यांच्यातलं कुणी नाही.

जुनीपानी

धन्यवाद. हे शेवटचं वाक्य हवंच होतं. 'आपला' संबंध थेट बघायचा असेल तर दोन ठिकाणं सुचवते. एक, त्याच डर्बीशरमधलं केडल्स्टन हॉल, लॉर्ड कर्झनचं घर, वास्तुकार रॉबर्ट अॅडमचं काम. तळमजल्यावर कर्झननं पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, आणि १९०३च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लेडी कर्झननं घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाख. भरतकाम आपल्या जरदोजी कारागिरांचं, शिवण पॅरिसची. एकेक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या पंखाचा हिरवा तुकडा बसवलाय.

दुसरं, ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट. हे बघून मला बोलताच येईना. कॉट्सवोल्डच्या हिरव्या टेकडीवर तांब्याचा हिरवा पडलेला घुमट, छत्र्या, मोगली धाटणीचे छज्जे. कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलचं घर, १८०५च्या सुमाराचं. बागेची मांडणी करताना टॉमस डॅनियलचा सल्ला घेतला होता. डॅनियल म्हणजे ज्यानं जेम्स वेल्सच्या चित्रांवरून १८०३ला वेरूळच्या लेण्यांचा चित्रसंच छापला तोच. वेल्स पुण्यात पेशव्यांच्या दरबारी होता, सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची त्यानं काढलेली चित्रं आपण सगळ्यांनी पाहिलीत. सेझिनकोटच्या बागेत ओढ्यावर एक पूल आहे. त्याच्या कठड्यावर नंदी बसलेत आणि खालचे जाड खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेत. पुलाखालून दगडांवरून पलीकडे जाता येतं. मी खांबाला हात लावून उभी राहिले आणि मला राग आला की आनंद झाला हे अजून ठरवता आलेलं नाही. खाजगी घर आहे, उघडायचे दिवस मोजके, चौकशी करूनच जा.

शांत_संध्याकाळ

चॅट्सवर्थ भव्य आहे हे मान्य, पण फक्त बागेसाठी एकच जागा निवडायची तर माझं मत विल्टशरच्या स्टूरहेडला. हेन्री होर या सावकारानं १७४०नंतर दरी अडवून तळं केलं आणि भोवती देवळं, गुहा, पूल अशी मांडली की चालता चालता एकातून दुसरं दिसतं. तळ्याची प्रदक्षिणा तासाभरात होते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात झाडं पेटलेली असतात. कारंज्यांचा खटाटोप नाही.

पाऊलवाट

स्टूरहेड सुंदरच. तिथे बघत फिरायचं. चॅट्सवर्थला 'हे केलं कसं' हा प्रश्न पावलोपावली पडतो, म्हणून माझा कल इकडे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आता तिथे नाहीच. पॅक्स्टननं १८३६ला मोठ्या काचघराचं काम काढलं. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच, लाकडी कमानी आणि काच. आत ताडमाड, केळी, तळी. मधून घोडागाडी जाईल एवढा रस्ता. जमिनीखाली आठ बॉयलर, आणि कोळशाची धूळ-धूर बागेत दिसू नये म्हणून कोळसा भुयारातून गाड्यांनी आणायचे. डिसेंबर १८४३ला व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा रात्री तिला त्यातून गाडीनं फिरवलं, १२ हजार दिवे लावून. आणि हे फक्त बड्यांसाठी नव्हतं. १८४९ला जवळच्या रोझलीपर्यंत रेल्वे आली आणि त्या उन्हाळ्यात सुमारे ८० हजार माणसं चॅट्सवर्थ बघून गेली, त्यांत गिरण्यांतले कामगार होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसऱ्या काचघरात अॅमेझॉनचं महाकमळ इंग्लंडात पहिल्यांदा फुललं. पॅक्स्टननं आपल्या लहान मुलीला त्याच्या पानावर उभं केलं, पान बुडालं नाही. त्या पानाच्या पाठच्या शिरांची जाळी त्याच्या डोक्यात राहिली. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस याच माणसाचा. त्याचा पहिला आराखडा त्यानं डर्बीला रेल्वेच्या बैठकीत बसल्या बसल्या टीपकागदावर काढला.

मग पहिलं महायुद्ध आलं. कोळसा मिळेना, माळी सैन्यात गेले, काचघर थंड पडलं आणि आतली झाडं मेली. १९२०ला सुरुंग लावून ते पाडलं. पहिल्या स्फोटांना ते दाद देईना, इतकं मजबूत होतं. आता त्या जागी दगडी जोत्याच्या भिंती आहेत, त्यांच्या आत १९६२ला लावलेलं यू झाडांचं चक्रव्यूह. मुलं तिथे वाट चुकल्यावर किंचाळत धावतात. मी दर वेळी जोत्याच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाकडे बघते, २७७ फूट म्हणजे केवढं ते पायांना कळावं म्हणून. कोळशाचं भुयारही बघता येतं, चुकवू नका.

डोंबिवली_ते_डर्बी

त्या घराण्याकडे अजून घर टिकलंय हेच मोठं. बाकी कित्येकांची कराखाली गेली.

पाऊलवाट

इथलंही जाता जाता राहिलं. दहाव्या ड्यूकनं इस्टेट मुलाच्या नावे केली होती, पण वारसा कर टळायला त्यानंतर पाच वर्षं जगणं भाग होतं. मुदतीला काही आठवडे उरले असताना, नोव्हेंबर १९५०मध्ये तो गेला. ८० टक्के कर! जमिनी विकल्या, मोलाची चित्रं-पुस्तकं दिली, बेसनं बांधलेलं हार्डविक हॉल सरकारजमा केलं, ते आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. देणं फिटायला दोन दशकांहून जास्त लागली. दुसऱ्या महायुद्धात घरात मुलींची शाळा भरत होती, दिवाणखान्यात खाटा मांडलेल्या. घर पुन्हा राहतं केलं ते अकराव्या ड्यूकनं आणि त्याची बायको डेबोरा हिनं. १९७७ला तिनं शेतमालाचं दुकान काढलं, ते आजही जोरात आहे. १९८१पासून घर-बाग एका न्यासाकडे आहे आणि तिकिटाचे पैसे देखभालीला जातात. म्हणूनच तिकीट महाग असूनही मला ते खुपत नाही.

केळीबाग

ताई, माझं इंग्लंडला येणं होईल न होईल, पण कॅव्हेंडिश हे नाव वाचून थांबलो. रावेरला आमची केळी आहे. वडिलांच्या काळात सगळी बसराई, आता माझ्याकडे ग्रँड नैन, टिश्यूकल्चरची रोपं. दोन्ही जाती कॅव्हेंडिश गटातल्या म्हणून आम्ही वाचतो. ते नाव याच घराण्याचं का? आणि तिथल्या थंडीत केळीनं घड धरला कसा? आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांखाली गेला की वाढ थांबते, निसवण (केळफूल बाहेर पडणं) लांबते, काही झाडांचा घड पोंग्यातच, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अडकून बसतो. आम्ही बांधावर धूर करतो, रात्रीचं पाणी देतो, तेव्हा कुठे बाग तगते.

पाऊलवाट

हो दादा, तेच घराणं! ही केळी मूळ दक्षिण चीनकडची. तिथून मॉरिशसला आणि १८२०च्या दशकात मॉरिशसहून इंग्लंडला आली. पॅक्स्टननं ड्यूकसाठी एक रोप मिळवलं, गरम काचघरात वाढवलं. नोव्हेंबर १८३५ला ते निसवलं आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत शंभराहून जास्त केळी लागली. लंडनच्या बागायती प्रदर्शनात पदक मिळालं. ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून केळीला ते नाव दिलं. पुढे जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याबरोबर तिचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) सामोआ बेटांवर गेले.

जुनीपानी

केळी आशियाची, नाव डर्बीशरचं. खानदेशात ती चॅट्सवर्थवरूनच आली असं मात्र कुणी समजू नये. या गटातली केळी आपल्या बाजूला लोक आधीपासून लावत होते.

केळीबाग

बरोबर. पण ताईंनी दिलेल्या तारखा बघून नवल वाटलं. नोव्हेंबरात निसवण आणि मे महिन्यात माल, म्हणजे सहा महिने. आमच्याकडे चांगल्या हवेत निसवल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत घड कापायला येतो. बॉयलरनं उष्णता दिली तरी तिथल्या हिवाळ्यात ऊन कुठलं, म्हणून घड भरायला वेळ लागला असणार. तरीही घड पोसला म्हणजे त्या माळ्यानं मुळांना गारठा लागू दिला नाही.

आणखी एक सांगतो. पूर्वी जगभर विकायला ग्रो मिशेल नावाची केळी होती. पनामा मर रोगानं १९५०च्या सुमाराला तिचे मळेच्या मळे बसले, आणि त्या रोगाला टिकली म्हणून कॅव्हेंडिश सगळीकडे गेली. आज परदेशच्या बाजारात जवळजवळ हीच. आता त्या रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतो. बिहार-उत्तर प्रदेशात सापडलाय. बी नाही, मुनव्यांपासून किंवा टिश्यूकल्चरनंच वाढवायची, म्हणजे सगळी झाडं एकाच रक्ताची. एक पडलं की शेजारचं वाचवणं कठीण. बाहेरच्या राज्यातून रोपं आणताना आम्ही आता दहा वेळा विचार करतो. जळगावच्या केळीला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते टिकवायचं तर हे आधी सांभाळायला हवं.

पाणीदार

केळीबाग, हे तुम्ही वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा ना. शेतीच्या विभागात पुष्कळ लोक वाचतील.

केळीबाग

लिहितो, कापणी उरकली की. ताई, चॅट्सवर्थला अजून केळी लावतात का?

पाऊलवाट

लावतात, हरितगृहात. या महिनाअखेरीला आईबाबांना घेऊन जाणार आहे. काय बघून येऊ सांगा.

केळीबाग

झाडाची उंची बघा, छातीएवढी की डोक्यावर. बुटकी असेल तर आमच्या बसराईची बहीण. एका बुंध्याला किती मुनवे ठेवलेत ते मोजा, जास्त ठेवले तर घड लहान पडतो. घड असेल तर फण्या किती आणि खालचं केळफूल कापलंय की तसंच ठेवलंय. माळी भेटला तर विचारा, हिवाळ्यात रात्री किती अंशांच्या खाली जाऊ देत नाही. आणि पानाच्या कडेला पिवळे पट्टे दिसले तर जवळून फोटो काढून टाका, करपा (पानांचा रोग) आहे का ते मी सांगतो.